फियाटची हळद

केरूमामांच्या पांढऱ्या सदऱ्यावरचे पिवळे डाग साबण लागताच लालभडक झाले, तेव्हाच खरं तर सगळं उघड झालं होतं. गाडी थंड ठेवणाऱ्या कूलंटचा डाग साबणाने लाल होत नाही. तो मान फक्त हळदीचा. मोरीत सदरा चोळणाऱ्या सविताला हे कळलं, दारात उभ्या असलेल्या भागुअक्कांनाही कळलं. सविताचा नवरा किशोर देवरे मात्र त्या वेळी हॉलमध्ये बसून केरूमामांना कूलंट या विषयावर माहिती देत होता. हल्ली ते पिवळ्या रंगातही मिळतं, असं तो म्हणाला. बाहेरच्या देशातून येतं, असंही म्हणाला. मामा किशोरचाच लेंगा-बनियन घालून बसले होते आणि मान डोलावत होते.

मामा म्हणजे होणाऱ्या सुनेचे, सायलीचे मामा. रविवारी हळद, सोमवारी सटाण्याला लग्न. हळद किती वाजता पोचणार, तिच्याबरोबर माणसं किती येणार, हे बोलायला ते बुधवारी सकाळी एसटीने आले होते. स्टँडवरून रिक्षा करून ते सरळ इंदिरानगरला आले असते, तर घोटभर चहा पिऊन दुपारच्या गाडीने परतलेही असते. पण त्यांना आणायला फियाट घेऊन जायची हौस किशोरला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. इंदिरानगरच्या बोगद्याच्या तोंडाशी, पुढे टेम्पो नि मागे शाळेची बस अशा अवस्थेत, गाडीच्या नाकातून वाफ निघाली. तापमानाचा काटा मघापासून वर चढत होता, पण तो काटा जुना आहे, उगाच घाबरवतो, असं किशोरने मामांना दोनदा सांगितलं होतं. गाडी ढकलून कडेला लावली. वीस मिनिटं थांबून, हातात फडकं घेऊन, जाणकाराच्या थाटात त्याने रेडिएटरचं झाकण उघडलं. मामा कौतुकाने पुढे वाकले होते. चटका बसला नाही एवढंच नशीब. बाकी गळ्यापासून पोटापर्यंत मामांना लग्नाआधी पाच दिवस हळद लागली.

गाडी ढकलत घरी आणली आणि मामांचा मुक्काम वाढला. लाल डागांचा सदरा घालून सटाण्याला जाणार कसे?

आता ही नुसती गाडीची गोष्ट असती तर राजूने आपली सात सीटांची मोठी गाडी पुढे केली असती आणि प्रश्न मिटला असता. राजू, किशोरचा धाकटा भाऊ, तसं म्हणालाही. पण साखरपुड्याच्या दिवशी, दोनशे माणसांसमोर, हातात माईक आल्यावर किशोरने दोन घोषणा केल्या होत्या. पहिली अशी, की वडिलांनी, म्हणजे आबांनी, एक्क्याऐंशी साली घेतलेल्या फियाटमधूनच देवऱ्यांच्या घरातली प्रत्येक उष्टी हळद नवरीकडे गेली आहे आणि आपल्या मुलाची, रुद्रचीही तिच्यातूनच जाईल. दुसरी अशी, की हुंडा म्हणून, मानपान म्हणून, आहेर म्हणून देवरे नवरीकडून एक सुईसुद्धा घेणार नाहीत. टाळ्या दुसऱ्या घोषणेला जास्त पडल्या होत्या. किशोर आठवडाभर त्या टाळ्यांवर जगला होता. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणं ही म्हण आपल्यासाठीच काढली असावी, असं त्याला पुढे वाटलं, पण तेव्हा नाही.

गुरुवारी सकाळी सोमा मिस्त्री आला. नाशिक रोडला आबांच्या वेळेपासून हीच गाडी सांभाळणारा माणूस. रो-हाउससमोरच्या फरशीवर त्याने पोतं अंथरलं, बोनेट उघडलं, दोन पाइप काढले, चार नट काढले आणि रेडिएटर बाहेर काढून पोत्यावर ठेवला. आजूबाजूला खुर्च्या टाकून सगळं घर बसलं होतं. भागुअक्का, किशोरची सगळ्यांत थोरली बहीण, काठीवर हनुवटी टेकवून. राजू मोबाइल हातात घेऊन. रुद्र, नवरदेव, कामावर रजा टाकून. सविता चहाचा ट्रे घेऊन दारात. मामा नव्या सदऱ्यात, तो सदराही किशोरचाच आणि खांद्यांवर सैल.

सोमाने वरच्या टाकीचं तोंड उन्हाकडे केलं, आत बोट घातलं आणि बाहेर काढून सगळ्यांना दाखवलं. बोट पिवळंधमक होतं.

"साहेब, ह्यातनं पाणी कुठनं जाईल?" तो म्हणाला. "नळ्या सगळ्या बुजल्यात. अर्धा किलो तरी हळद असंल ह्यात. कुणी घातली?"

गळका रेडिएटर हळदीने बंद होतो, हे जुन्या ड्रायव्हर लोकांचं औषध. चमचाभर हळद पाण्यात गेली की फुगते, बारीक भोकात जाऊन बसते आणि गाडी घरापर्यंत येते. घरापर्यंत आली की मग मिस्त्रीकडे न्यायची असते. गेल्या वर्षी दिवाळीनंतर एकदा गाडीखाली थेंब दिसले, तेव्हा किशोरने स्वयंपाकघरातून दोन चमचे हळद चोरली होती. चोरली हाच शब्द बरोबर. छत्तीस वर्षं तो नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला होता, रोज झडती देऊन बाहेर पडला होता, दुसऱ्याची टाचणीही कधी घरी आणली नव्हती. त्या माणसाने स्वतःच्या घरात, बायको देवळात गेलेली बघून, कागदाच्या पुडीत हळद बांधली. गाडी गळते हे घरात कळलं असतं तर राजूने लगेच विकायचा विषय काढला असता, म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण दोन चमचे म्हणजे अर्धा किलो नव्हे. त्याने तसं मनातल्या मनात म्हणायच्या ऐवजी मोठ्याने म्हटलं.

"मी फक्त दोन चमचे घातली होती."

म्हणजे कूलंटचं व्याख्यान तिथेच बुडालं. मामांनी चहाचा कप तोंडापुढे धरला. आपण काय बोलून बसलो हे किशोरच्या लक्षात येईपर्यंत राजूने घसा साफ केला. गाडी विका म्हणून दर दसऱ्याला भांडणाऱ्या राजूने सांगितलं, की जानेवारीत ती घेऊन तो पिंपळगावला गेला होता तेव्हाही ती गळत होती. दादाला कळलं तर वाईट वाटेल, म्हणून त्याने टपरीवरून पुडी घेऊन ओतली. एकदा. कदाचित दोनदा. मग रुद्र बोलला. तो इंजिनिअर, त्याने इंटरनेटवर वाचून, प्रमाण काढून घातली होती, दर पंधरा दिवसांनी, पप्पांच्या नकळत. त्याने प्रमाण सांगितलं तेव्हा सोमाने कपाळावर हात मारून घेतला आणि कपाळही पिवळं करून घेतलं. भागुअक्कांनी तर लपवायचाही प्रयत्न केला नाही.

"ह्या दसऱ्याला पूजा करताना मी टाकली मूठभर. म्हातारी गाडी हाय, अंगात ताकद यील," त्या म्हणाल्या. "त्यात काय एवढं? हळद लय गुणकारी असती."

किशोरला हसावं की रडावं कळेना. गेलं वर्षभर प्रत्येक जण दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून गुपचूप त्या गाडीच्या तोंडात हळद ओतत होता. तिला मारलं कोणी, तर सगळ्यांनी मिळून, मायेने. आणि त्यात पहिली पुडी त्याची स्वतःची. पी हळद नि हो गोरी.

सोमाने हात पुसले आणि मार्ग सांगितले. जुन्याची जाळी बदलता येईल, पितळी टाकी तीच ठेवून. काम पक्कं, पण जाळी मुंबईहून मागवावी लागेल, आठ दिवस जातील. दुसरा मार्ग, नव्या गाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर, तो आजच मिळेल. पण तो रुंदीला मोठा, बसवायचा तर पुढची पट्टी कापावी लागेल.

किशोरचं मत जुन्याच्या बाजूने, पण आठ दिवस कुठून आणायचे? रुद्र नव्याच्या बाजूने होता. अ‍ॅल्युमिनियम हलकं, लवकर थंड होतं, पट्टीचं एवढं काय? मग किशोरने त्याला पट्टी दाखवली. अक्षय्य तृतीयेला आबांनी गाडी आणली, त्या दिवशी खिळ्याने तिच्यावर कोरलं होतं, 'आखाजी 1981', आणि खाली वाकडंतिकडं 'देवरे'. रुद्रने ते पहिल्यांदाच पाहिलं. तो बापाच्या बाजूला येऊन उभा राहिला. राजू म्हणाला, अक्षर वाचवून कापता येईल. लगेच अक्का राजूवर उलटल्या, बापाच्या हाताचं अक्षर कापायला निघालास का. पाच मिनिटांपूर्वी राजू नि रुद्र एका बाजूला होते, आता राजू एकटा पडला होता. सविता कुणाच्याच बाजूने बोलली नाही. ती रिकामे कप गोळा करत राहिली.

तेव्हा मामा बोलले. अंगावर परका सदरा असल्यामुळे असेल, ते एवढा वेळ पाहुण्यासारखे बसले होते. मराठीतून सुरुवात केली आणि गाडीचा विषय येताच आपल्या अहिराणीत शिरले.

"किशोरभाऊ, अशीच फियाट मनाकडे शे. वीस वरीस जयात, खळ्यामा उभी शे. कोंबड्या बठतस तिन्हामा. पण दर आखाजीले कोंबड्या काढीसन इंजिन चालू करस मी. रेडिएटर चांगला शे. ली जा."

खळ्यात उभी असलेली तशीच गाडी आणि तिचा धड रेडिएटर घेऊन जा, हे ऐकून सगळ्यांचे चेहरे उजळले. सोमाने विचारलं, पितळी आहे का? पितळीच, मामा म्हणाले. मग झालंच की, सोमा म्हणाला, उद्या आणा, परवा बसवून देतो. रुद्रने मोबाइल काढून सायलीला कळवायलाही सुरुवात केली.

"नको," किशोर म्हणाला.

त्याला स्वतःलाच तो आवाज आवडला नाही, पण आता निघून गेला होता. तो म्हणाला, मी दोनशे लोकांत शब्द दिलाय. नवरीकडून सुई घेणार नाही म्हणालो आणि रेडिएटर घेऊ? लोक काय म्हणतील? देवऱ्यांनी गाडी मागितली नाही, नुसता रेडिएटर मागितला, असं म्हणतील.

यावर घराचे पुन्हा दोन भाग झाले. रुद्र म्हणाला, लग्नात हुंडा म्हणून रेडिएटर मागितल्याचं जगात एकही उदाहरण नसेल. राजू आता दादाच्या बाजूने आला, पण त्याचा डाव वेगळा होता. शब्द पाळायचाच तर हळद माझ्या गाडीतून जाऊ दे, म्हणजे सुईचा शब्द तरी राहील, असं तो म्हणाला. अक्कांनी निवाडा दिला, की सुई टोचते म्हणून ती घ्यायची नसते, रेडिएटर टोचत नाही, तो घ्यायला हरकत नाही. मामा मान खाली घालून बसले. देऊ केलेली वस्तू अशी उंबऱ्यावर अडली, की देणाऱ्यालाच अपराधी वाटतं. किशोरला ते दिसत होतं. तरी तो उठला आणि आत निघून गेला.

आत म्हणजे स्वयंपाकघरात. रागावून जायलाही माणसाकडे दुसरी खोली असावी लागते, पण लग्नाच्या सामानाने बाकीच्या खोल्या भरल्या होत्या. सविता कप विसळत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"तू काहीच बोलली नाहीस," तो म्हणाला.

"काय बोलायचं?"

"सगळ्यांनी कबुली दिली. अक्कांनीसुद्धा."

सविताने नळ बंद केला. पदराला हात पुसले आणि फडताळातून मिसळणाचा डबा काढून त्याच्यासमोर ठेवला. हळदीच्या वाटीत चमचा होता. नंतर वरच्या फळीवरून तिने हळदीचा दुसरा डबा काढला, मोठा.

"हा तुमच्या गाडीचा," ती म्हणाली. "तुमच्या दोन चमच्यांनी वर्ष निघतं होय? दर सोमवारी तुम्ही भाजीला गेलात की मी घालत होते."

किशोर खाली बसला. सविता आणि गाडी यांचं कधी जमलं नव्हतं, असं त्याला चौतीस वर्षं वाटत आलं होतं. पेट्रोलचा वास, तुटलेली काच, मध्येच बंद पडणं, यावरून तिने त्याला ऐकवलं नाही असा महिना नव्हता. विकून टाका, असं तीच सर्वांत आधी म्हणाली होती.

"तू तर म्हणायचीस विका."

"म्हणत होते. म्हणायला काय जातं?" ती म्हणाली. "रिटायर झाल्यावर सहा महिने तुम्ही कसे होता, आठवतंय? सकाळी आंघोळ करून, कपडे घालून, खुर्चीत. जायचं कुठंच नाही. मग एक दिवस गाडी पुसायला लागलात. मला वाटलं, ही राहिली तर माणूस राहील."

डोळ्यांत पाणी आलं ते त्याने लपवलंही नाही. आपण या घरातले सगळ्यांत हुशार, सगळ्यांची काळजी आपण करतो, असं मानून चाललेल्या माणसाला दर सोमवारी एक बाई भाजीच्या पिशवीइतक्या सहजपणे सांभाळत होती, आणि त्याला पत्ता नव्हता. वर तो दोन चमचे चोरल्याचा अपराध उराशी धरून बसला होता.

"आणि माझी उष्टी हळद त्याच गाडीतून आली होती," सविता म्हणाली. "भावडबारीच्या घाटात गाडी तापली म्हणून तीन तास उशिरा. मी पाटावर बसून होते तोवर. माझी आई म्हणाली होती, ज्या घरची हळद एवढी उशिरा येते, ते घर पुढे कसं असेल. मी तेव्हा तुमची बाजू घेतली होती. तुम्हाला पाहिलंही नव्हतं नीट."

ती पुन्हा नळाकडे वळली.

"सायलीला पाटावर बसवून ठेवू नका. शब्द तुमचा आहे. पाटावर ती बसणार आहे."

किशोर बाहेर आला. सगळे होते तसेच बसले होते, फक्त अक्कांचा डोळा लागला होता. तो थेट मामांसमोर गेला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "मामा, ते कूलंट नव्हतं. हळद होती."

"माले तवाच समजनं," मामा म्हणाले. "पण तुम्ही एवढं चांगलं सांगी राहिंतात."

हसायला पहिला राजू लागला. मग रुद्र, मग सोमा, आणि अक्का दचकून जाग्या होऊन, का ते माहीत नसताना. किशोरही हसला. हसणं ओसरल्यावर तो म्हणाला, की रेडिएटर हवा आहे, पण शब्दाचं काय करू ते मला समजत नाही. तुम्हीच सांगा.

मामांनी पोत्यावरच्या रेडिएटरकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि मांडीवर थाप मारली.

"मना रेडिएटर तुम्हले, तुमना माले. जयं साटंलोटं."

साटंलोटं म्हणजे एका घरची मुलगी दुसऱ्या घरात आणि दुसऱ्या घरची पहिल्यात. जुन्या काळी दोन्ही घरं गरीब असली की असं करत. त्यात हुंडा नसतो, कुणाचे उपकार नसतात. अक्कांनी लगेच मान्यता दिली. साटंलोटं आपल्यात चालतं, त्यांनी सांगितलं, त्यांच्या आत्याचं तसंच झालं होतं. राजूने शंका काढली, की बुजलेल्या रेडिएटरचं मामा करणार काय? मामा म्हणाले, कोंबड्यांना काय फरक पडतो, आणि जाळी आली की आपल्या गाडीला बसवून घेईन, मला कुठे रविवारी हळद न्यायची आहे?

शुक्रवारी सकाळी राजूची मोठी गाडी दारात लागली. मामांना सटाण्याला सोडून येताना त्यांचा रेडिएटर आणायचा होता. सदऱ्यावरचे डाग दोन दिवसांच्या उन्हाने फिके झाले होते, तो अंगात घालून मामा पुढच्या सीटवर बसले. जुना रेडिएटर उचलायला रुद्र वाकला. सोमाने ओरडून सांगितलं, सरळ धर, पण तोवर रुद्रने तो आडवा केला होता. आत उरलेलं पाणी भसकन बाहेर आलं. हात, गाल, गळा, शर्ट, सगळं पिवळं झालं. रुद्र तसाच, रेडिएटर हातात धरून, दारात उभा राहिला.

अक्का काठी टेकत पुढे आल्या, त्याच्याकडे खालून वर बघितलं आणि पदराच्या टोकाने त्याच्या डोळ्याजवळचा थेंब पुसला.

"मुहूर्त रविवारचा होता," त्या म्हणाल्या. "पण नवरदेवाला लागली ती लागली. आता उरलेली नवरीकडं जाऊ द्या."

रुद्रने रेडिएटर डिकीत ठेवला. सविताने आतून धुतलेलं पांढरं फडकं आणलं आणि त्यावर झाकलं, हळदीच्या ताटावर झाकतात तसं, चारही टोकं नीट खोचून. नंतर ती किशोरशेजारी येऊन उभी राहिली. राजूने गाडी सुरू केली. बोगद्याच्या बाजूला ती वळेपर्यंत दोघं बघत होते.

"या वेळी वेळेवर पोचेल," सविता म्हणाली.

किशोरने मान हलवली. मागे फियाट बोनेट उघडं टाकून, नाकाच्या जागी रिकामी चौकट घेऊन उभी होती, आणि चौकटीखालच्या पट्टीवर आबांचं वाकडं अक्षर ऊन पडून स्वच्छ दिसत होतं. त्याने फडकं घेतलं आणि गाडी पुसायला लागला.